दक्षिणेच्या भिंतीवरचा माणूस

त्या बल्बाखालनं जरा सरका, आणि मोबाईल खिशात घाला. यशराज माझ्या आत्तेभावाचा थोरला. खोटं वाटलं तर कवठे महांकाळला जाऊन विचारा.

दोन वर्षांमागं, पाडव्याच्या आदल्या दिवशी, अमावस्येला तो सांगलीला फ्रेमवाल्याकडं गेला. वारलेल्या वडिलांच्या फोटोची काच तडकली होती, ती बदलायची. शिवाय बायकोला, संयोगिताला, नव्या हॉलसाठी सर्रिअलिस्ट चित्रांच्या छापील प्रती हव्या होत्या. स्वप्नात दिसतं तसलं सगळं वेडंवाकडं. आभाळात जिना, झाडाला मासे. त्यातलं एक यशराजनं घेतलं. खुर्चीत बसलेला कोटातला माणूस, आणि चेहऱ्याच्या जागी नुसतं आभाळ.

काच काही त्या दिवशी मिळाली नाही. फोटो दुकानातच राहिला. घरी दक्षिणेच्या भिंतीवर वडिलांचा खिळा रिकामा दिसला, यानं चित्र तिथंच अडकवलं. शहाणाच तो!

दिवेलागणीला आई, बनुबाई, निवद घेऊन आली. नजर अधू. तिनं सवयीनं फ्रेमला हार घातला, हात जोडले.

"मालक, आपल्या जयराजकडं ध्यान असू द्या."

जयराज धाकटा. फौजेत, बर्फातल्या चौकीवर.

यशराज पुढं झाला. "आये, ते आबा न्हवंत गं…"

"मग कोण हाय?"

त्याला हार काढायचाही धीर होईना.

रात्री दोन वाजून चाळीस मिनिटांनी त्याला जाग आली. हॉलमध्ये गारठा. ऐन उन्हाळा, आणि तोंडातून वाफ.

त्यानं दिवा लावला.

हार होता. खुर्ची होती.

माणूस नव्हता.

त्यानं जयराजला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला… लागेना. भिंतीला टेकून खाली बसला, तो बसलाच. वर बघायची छाती होईना.

सहाला फोन वाजला.

"दादा, मी बरा हाय. दवाखान्यात हाय. रातच्याला चौकीवर बर्फाचा कडा कोसळला. गाडलो गेलतो. एकानं हाताला धरून वडून काढलं."

"कुणी रं?"

जयराजनं आवाज खाली आणला.

"दादा… तोंडच न्हवतं रं त्याला."

यशराजनं मान वर केली. माणूस खुर्चीत होता. जसाच्या तसा.

"आवं," संयोगिता दारातून कुजबुजली, "खाली बघा."

चित्राखाली, फरशीवर, मुठीएवढा बर्फ पडला होता. ऊन वर आलं. गुढी उभी राहिली. दुपार झाली…

विरघळला नाही.