डाव्या अंगाची जागा

ललितला स्पीकर घ्यायचे होते, आणि अमरावतीत स्पीकर घ्यायला निघालेल्या माणसाला आधी हे पटवून द्यावं लागतं की त्याच्या घरी लग्न नाही. जयस्तंभ चौकाजवळच्या दुकानदाराने त्याच्यासमोर कमरेएवढे, लाल-निळे दिवे लुकलुकणारे दोन खांब उभे केले. आवाज वाढवला, तसा काउंटरवरचा पाण्याचा ग्लास आपसूक सरकत कडेला आला.

"भाऊ, अख्खा मोहल्ला नाचते याच्यावर," दुकानदार म्हणाला.

ललितने सांगितलं की मोहल्ल्याला नाचवायचं नाही, आपल्या बैठकीत बसून माणसांचे आवाज ऐकायचेत. शेल्फवर मावतील असे छोट्या लाकडी पेटीचे दोन हवेत, आणि दहा हजारांच्या आत. जिलेबीच्या दुकानात कोणी कारलं मागावं तसं दुकानदाराने त्याच्याकडे पाहिलं.

ललित वीज कंपनीत मीटर तपासायचा. काटा हलला तर वीज आहे, नाही हलला तर नाही, बाकी सगळ्या गप्पा, असा त्याचा खाक्या. याला भूक लागली तरी हा आधी मीटर लावून बघेल, अशी त्याची बायको पायल थट्टा करायची. पण या स्पीकरपायी गेले काही दिवस त्याचं कशातच लक्ष लागत नव्हतं. जेवताजेवता उठायचा, मोबाइलवर कुठल्यातरी जोडीची माहिती वाचायचा, पुन्हा बसायचा. आणि या सगळ्याच्या मुळाशी होती एक कॅसेट.

वलगावच्या भीमजयंतीला गायन पार्टीचा कार्यक्रम झाला होता, तो कोणीतरी समोर एकच माइक ठेवून टेप केला होता. ललितचे वडील श्रावण त्या पार्टीच्या कोरसमध्ये गायचे. मुख्य गायक ते कधीच नव्हते. मागे उभं राहून ध्रुवपद उचलून धरणाऱ्यांपैकी एक. पोटासाठी धारणीकडच्या एका आश्रमशाळेत स्वयंपाक करायचे. त्या जयंतीला आले, गायले, आणि परत जाताना घाटात जीप दरीत गेली, असं माय सांगायची. ललित तेव्हा रांगत होता. वडिलांचे फोटो होते, पण आवाज त्या कॅसेटशिवाय जगात कुठेच नव्हता. आणि घरच्या जुन्या टेपरेकॉर्डरवर तो कोरस म्हणजे पिठल्यासारखा एकजीव. त्यातला आपला बाप कोणता, हे ललितला आजवर ओळखता आलं नव्हतं. ओळखायची ती फक्त माय.

आणि माय, सुंदराबाई, बहिरी होत चालली होती.

म्हणून ही घाई. तिचे कान पुरते जायच्या आत आवाज सुटेसुटे ऐकवणारे स्पीकर आणायचे, तिच्या शेजारी बसायचं, आणि तिला विचारायचं की सांग, यातला कोणता. एकदा ते कान मिटले की सांगणारं कोणी उरणार नव्हतं.

अकोल्याला कानांच्या डॉक्टरकडे जायचंच होतं. ललितने कॅसेट आत ठेवूनच तो जुना टेपरेकॉर्डर, म्हणजे घरातला डेक, उशीत गुंडाळून गाडीच्या मागच्या सीटवर ठेवला, शेजारी माय. मूर्तिजापूर मागे पडेपर्यंत ती डेकवर हात ठेवून बसली होती, लेकरू निजवल्यासारखी. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की उजवा कान गेलाच आहे, डावाही फार दिवस साथ देणार नाही. मशीन लावून थोडं लांबवता येईल, एवढंच. ते मशीन तिथेच तिच्या डाव्या कानाला लावून घेतलं.

"काय म्हनून राहिला तो?" मायने विचारलं.

"बरं हाय म्हणते," ललित तिच्या कानाशी ओरडला आणि भराभर पायऱ्या उतरू लागला.

टिळक रोडच्या मागच्या गल्लीत योगेश नावाच्या माणसाचं दुकान होतं. हा निदान ऐकू तरी द्यायचा. त्याने एकामागून एक जोड्या लावल्या. पहिलीवर ढोलकी छातीवर येऊन बसली आणि गाणारे तिच्याखाली चेंगरले. दुसरीचा आवाज इतका लखलखीत, की खंजिरी कानात टोचायला लागली. शेवटची जोडी साधी, जुनी, एका कोपऱ्याचा टवका उडालेली. योगेशने ती नाइलाजानेच जोडली.

"हे कोणी घेत नाही साहेब. धमक नाही याच्यात."

ध्रुवपद सुरू झालं आणि ललित स्टुलावर पुढे सरकला. ढोलकी दोन पावलं मागे गेली, आणि शिजलेल्या भाताचं शीत न् शीत मोकळं व्हावं तसे कोरसचे आवाज एकमेकांपासून सुटले. मायने मशीन लावलेला कान पुढे केला.

"हा नत्थू," ती म्हणाली. "हा जाडा भगवंत. अन हा चंद्रभान."

"अन बाबा?"

"तो नाई."

"नाई म्हंजे? तूच त म्हणते का बाबा गायले म्हणून!"

माय काचेच्या दाराबाहेर, रस्त्याकडे पाहत राहिली. "दुकानात काहून येईल तो?" ती म्हणाली. "घरी लाव."

म्हातारं माणूस, डॉक्टरकडे दिवसभर बसून शिणलंय, अशी ललितने स्वतःची समजूत घातली. पण परतीच्या वाटेवर त्याला चैन पडेना. बडनेऱ्यापर्यंत त्याने दोनदा गाडी थांबवली, आणि दोन्ही वेळा का थांबवली ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

फ्रेजरपुऱ्यातल्या त्याच्या घराची बैठक लहानशी. एका भिंतीला दिवाण, त्यावर बसलं की समोर शोकेस, शोकेसच्या डाव्या हाताला बाहेरचं दार आणि दाराशी चपला. ललितने योगेशकडून घेतलेले ते जुने स्पीकर शोकेसच्या दोन टोकांना ठेवले, डेक दाराकडच्या बाजूला ठेवला, मायला दिवाणावर मधोमध बसवलं आणि स्वतः तिच्या शेजारी बसला. रविवारची दुपार होती. पायल आत शेंगा सोलत होती.

एका माइकवर टेप केलेलं गाणं दोन्ही स्पीकरमधून अगदी सारखंच येतं, आणि मधोमध बसणाऱ्याला वाटतं, गाणारे समोरच्या भिंतीच्या मध्यावर उभे आहेत. इकडे एक, तिकडे एक, असं त्यात होऊच शकत नाही. तसेच ते उभे राहिले, मध्यावर. नत्थू, भगवंत, चंद्रभान.

आणि मग डावीकडून चौथा आला.

पातळ, किंचित घोगरा आवाज. धावत येऊन श्वास जुळवत कोणी गावं तसा. बाकीच्यांच्या अर्धा ठेका मागे.

मायने ललितचं मनगट धरलं. "हा," ती म्हणाली. "हा तुया बाप."

ललितला रडू आवरलं नाही. चाळिशीचा माणूस, पण मायच्या मांडीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडला. पायल शेंगांचं सूप हातात घेऊन आतल्या दारात येऊन उभी राहिली. त्या दुपारी ते गाणं त्यांनी पुन्हा पुन्हा ऐकलं.

इथे थांबला असता तर बरं झालं असतं. पण ज्याचा खाक्या मीटरचा, त्याला काटा न बघता राहवत नाही. संध्याकाळी चहा पिताना त्याच्या मनात आलं, की एका माइकच्या टेपमध्ये डावीकडे कोण कसा असेल?

त्याने स्पीकरच्या वायरींची अदलाबदल केली. डाव्याची उजव्याला, उजव्याची डाव्याला. टेपमध्ये काही गडबड असेल तर चौथा आवाज आता उजवीकडून यायला हवा होता. तो डावीकडूनच आला.

मग त्याने डाव्या स्पीकरची वायरच काढली. नत्थू, भगवंत, चंद्रभान तिघेही उजव्या कोपऱ्यात गेले. चौथा जिथे होता तिथेच राहिला. चपलांपाशी.

मोबाइल समोर धरून त्याने ध्रुवपद रेकॉर्ड केलं. मोबाइलमध्ये तिघेच होते.

"तुले किती जण ऐकू येतात?" त्याने पायलला विचारलं.

"चार," ती म्हणाली. "चौघंच गातात ना?"

शेवटी त्याने एक करून पाहिलं, ते केलं नसतं तर बरं असं त्याला पुढे वाटत राहिलं. ध्रुवपद ऐन रंगात असताना त्याने डेकचं बटण दाबलं. ढोलकी, बाजाची पेटी, तिघे, सगळे जागच्या जागी तुटले. चौथा तुटला, पण किंचित नंतर. बाकीचे थांबलेत हे ऐकून माणूस थांबतो तसा.

कॅसेट त्याने कपाटात ठेवून दिली. पायल म्हणाली, "एवढं भेव वाटते त देऊन टाका ना वापस." पण ते त्याच्याच्याने होईना. स्पीकर परत करणं म्हणजे उंबऱ्यापर्यंत आलेल्या बापाला परत पाठवणं, असं त्याला वाटायला लागलं होतं. आणि असं वाटणारे आपण कोण, याचीही त्याला भीती वाटत होती. ऑफिसात तो मीटरचे आकडे चुकीचे वाचू लागला.

थंडी पडता पडता मायचा डावा कानही गेला. कुकरची शिट्टी, पायलची हाक, काही म्हणून तिच्यापर्यंत पोचेना. मशीन तिने काढून शोकेसवर ठेवून दिलं.

आता विचारायला एकच माणूस होता. कोरसमधले नत्थुजी तेवढे अजून होते, वलगावला. ललित त्यांना स्कूटरवर बसवून घेऊन आला. नत्थुजींनी मायला "जयभीम वहिनी" म्हणत हात जोडले, तिने ओठ वाचून हात जोडले, आणि ती आत गेली. ललितने कॅसेट लावली.

"हा मी," नत्थुजी खूश होऊन म्हणाले. "काय आवाज होता बाप्पा माया! हा भगवंत. हा चंद्रभान."

मग चौथा आला.

नत्थुजींनी स्पीकरकडे पाहिलं नाही, दाराकडेही पाहिलं नाही. त्यांनी फक्त पाय जवळ घेतले आणि दिवाणावर उजवीकडे सरकले. एका माणसाची जागा झाली.

"काका, काहून सरकले?"

नत्थुजींनी शेजारच्या मोकळ्या गादीकडे पाहिलं. "सवय," ते हळूच म्हणाले. "श्रावण नेहमीच उशिरा ये. धारनीची गाडी कधी टायमावर आली हाय? गानं सुरू झालं का मांगून येऊन उभा राहे, अन मधातच सूर धरे. आमी न पाहता सरकत होतो."

"म्हंजे त्या दिवशीबी उशीर झाला होता त्यायले?"

"त्या दिवशी?" नत्थुजी गोंधळले. "त्या दिवशी तो पोचलाच नाई ना, बेटा. डाव्या अंगाची जागा सोडून आमी सुरू केलं. येईन म्हनून. मंग समजलं, जीप घाटातच..."

"परत जाताना," ललित म्हणाला. "माय म्हणते, गाऊन परत जाताना."

"येताना," नत्थुजी म्हणाले. "आमच्याकडे येताना."

टेप चालूच होती. पुढचं ध्रुवपद जवळ येत होतं. नत्थुजी उठले. चहा नको म्हणाले, थांबले नाहीत.

त्यांना बसमध्ये बसवून ललित परत आला तेव्हा उन्हं बैठकीत आली होती. पायल नळावर होती. डेक पुन्हा सुरू होता.

तो उंबऱ्यावरच थांबला.

माय दिवाणावर, उजव्या टोकाला बसली होती. डोळे मिटलेले. मशीन शोकेसवर, तसंच.

"माय!" तो ओरडला.

तिला कळलंही नाही.

तिचं बोट मात्र गुडघ्यावर ठेका धरत होतं. बटण दाबता येतं कोणालाही, ललितने स्वतःला सांगितलं. बहिऱ्यालाही जुनं गाणं आठवतं. त्याने बोटाकडे नीट पाहिलं.

ढोलकीवर थाप पडायची. बोट पडायचं नाही.

अर्धा ठेका जायचा. मग पडायचं.

प्रत्येक वेळी.

ती टेप ऐकत नव्हती.

ललितने दारातूनच हात लांब करून बटण दाबलं. ढोलकी तुटली. तिघे तुटले.

चौथ्याने शेवटचा शब्द पुरा केला. ललितच्या खांद्यामागून, धाप लागलेल्या आवाजात.

मायचं बोट पडलं आणि थांबलं. तिच्या डाव्या हाताची गादी मोकळी होती.

ललित दाराच्या मधोमध उभा होता. मागे न पाहता तो बाजूला सरकला.