कच्चे टाके

आधीच सांगतो, माझं डोकं ठिकाणावर आहे. छत्तीस वर्षं मी कोट शिवतोय आणि टेपने मोजता येत नाही अशा गोष्टींवर माझा फारसा विश्वास नाही.

खाली दुकान, वर घर. दुकानात कापडं कापायचं टेबल, उभा आरसा आणि दोन मशिनं. दुसऱ्या मशिनवर बायको बसायची. तिला जाऊन दोन वर्षं झाली, तरी त्यावर मी कपड्यांचा ढीग ठेवत नाही. कोट पक्का शिवण्याआधी आम्ही तो पांढऱ्या दोऱ्याच्या कच्च्या टाक्यांनी जोडतो आणि गिऱ्हाइकाला ट्रायलला बोलावतो. टाके घालायचं काम तिचं. ती डावखुरी, त्यामुळे तिचे टाके उलट्या बाजूला कललेले असत. गाठ मारताना ती दोऱ्याचं टोक जिभेने ओलं करायची. गिऱ्हाइकाने पाहिलं तर पळून जाईल, असं मी चिडवायचो. ती म्हणायची, "कच्चे टाके आहेत तोवर कुठे पळतंय? त्याला परत यावंच लागतं."

त्या सकाळी मी बटणं आणायला निघालो होतो. भुयारी मेट्रोच्या फलाटावर पिवळ्या पट्टीच्या अलीकडे उभा होतो, हे छातीठोकपणे सांगतो. यादी काढायला मान खाली घातली, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि पुढच्या क्षणी तळहाताखाली गार, तेलकट रूळ होता. बोगद्यातून वारा आला. मग रूळ थरथरू लागला. ऊठ म्हटलं तरी पाय ऐकेनात.

तेवढ्यात कुणीतरी माझा उजवा खांदा धरून मला फलाटाखालच्या पोकळीत ओढलं. खांद्याची शिवण टर्रकन उसवली. गाडी हातभर अंतरावरून गेली. तेवढा वेळ दंडावर एक लहानसा हात होता आणि इस्त्रीखाली तापलेल्या लोकरीचा वास येत होता. गाडी थांबल्यावर वळून पाहिलं. मागे भिंत होती.

स्टेशनमास्तरांनी मला पाणी दिलं आणि कॅमेऱ्यातलं चित्रण दाखवलं. त्यात मी एकटाच पोकळीत सरकत होतो.

"नशीब बलवत्तर, काका," ते म्हणाले. मी हो म्हणालो.

घरी मुलीने कोट उतरवून घेतला. ती दातांच्या दवाखान्यात नोकरी करते आणि रोज त्याच स्टेशनवरून आठ चाळीसची गाडी पकडते. तिने खांद्यावरून बोट फिरवत विचारलं, "बाबा, हे कुणी शिवलं?"

उसवलेली शिवण पांढऱ्या दोऱ्याने जोडलेली होती. सगळे टाके उलट्या बाजूला कललेले. कोट माझ्या अंगावरून एकदाही उतरला नव्हता. स्टेशनवरच्या एका बाईंनी शिवलं, असं मी ठोकून दिलं.

मला भीती वाटायला हवी होती. मला फक्त बायकोची आठवण येत होती, छाती दुखेपर्यंत. ते टाके मी उसवले नाहीत आणि पक्के शिवलेही नाहीत. मुलगी कामावर गेली की तोच कोट घालून मी फलाटावर जाऊन उभा राहायचो. वाऱ्याबरोबर लोकरीचा वास यायचा. मी एक पाऊल पुढे सरकायचो. दुसऱ्या दिवशी आणखी एक.

आठव्या दिवशी माझे बूट पिवळ्या पट्टीच्या पलीकडे होते. कुणीतरी बाही धरून मागे खेचलं. माझा चेहरा उजळला असणार, कारण मी वळलो तेव्हा मुलगी रडायला लागली. ती माझ्या मागावर होती.

तिने मला घरी आणलं. मग म्हणाली, "आई गेली तेव्हा मला तुम्ही होतात. आता मी कुणाकडे बघायचं, बाबा?"

ती आईच्या मशिनवर बसली, कच्चे टाके उसवले आणि खांद्यावर पक्की टीप मारली. टीप वाकडी गेली. मी ती तशीच राहू दिली. पांढऱ्या दोऱ्याचे तुकडे तिने केरात टाकले तेव्हा मी रडलो आणि पुन्हा तिथे जाणार नाही, असा तिला शब्द दिला. त्या रात्री बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागली.

सकाळी ती निघाली. मी खुंटीवरून तिचा कोट काढून तिला घालायला धरला.

तिने पाठ वळवून हात बाहीत घातले.

उजव्या खांद्यावर पांढरे टाके होते. उलट्या बाजूला कललेले. खालची शिवण कुठेही उसवलेली नव्हती.

"थांब, दोरा लोंबतोय," मी म्हणालो आणि टेबलावरची कात्री घेतली.

"लवकर करा. आठ चाळीसची चुकेल."

मी एकेक टाका कापत गेलो.

"हिला नको," मी पुटपुटलो.

"कुणाशी बोलताय, बाबा?"

मी शेवटची गाठ चिमटीत धरली.

गाठ अजून ओली होती.