आतून लावलेली किल्ली

शेवटी कोण आलं रे आत? दार तू लावलंस ना? आणि किल्ली? कुलपात तशीच ठेवलीस. काढ. हसू नकोस, आधी काढ आणि खुंटीला अडकव. हं. आता बस माझ्याजवळ, का ते सांगतो.

माझ्या फोटो स्टुडिओला लागून किल्लीवाल्याची टपरी होती. तुम्ही नाही पाहिलेला तो. सरळ माणूस, बोलायला गोड, आणि कुलपाच्या बाबतीत असा हट्टी की काही विचारू नका. "माझी किल्ली एकाच कुलपाला लागेल, दुसऱ्याला लागली तर टपरी बंद करीन," असं गिऱ्हाइकाला छातीवर हात ठेवून सांगायचा. ही गोष्ट त्यानेच मला सांगितली, आणि जे त्याने सांगितलं नाही ते मी या डोळ्यांनी पाहिलं. पदरचं एक अक्षर घालत नाही.

एकवीस डिसेंबर, गुरुवार. वर्षातली सगळ्यात मोठी रात्र त्या दिवसाची. दुपारी तो घराबाहेर पडला तो शिवणयंत्राचं तेल आणायला. बायकोने धाडलं होतं.

"रात्री दाराचं कुलूप खर्र खर्र वाजतं. डोळ्याला डोळा लागत नाही माझ्या. तेल सोडा त्यात."

"उंदीर असेल," तो म्हणाला.

"उंदीर कुलपात शिरून काय करेल? अख्ख्या गावाला किल्ल्या देता आणि घरच्या कुलपाला थेंबभर तेल नाही. दिव्याखाली अंधार!"

तो हसला. सात महिन्यांत पहिल्यांदाच हसलो, असं मला नंतर म्हणाला.

सात महिने अशासाठी, की सात महिन्यांपूर्वी त्यांचा एकुलता एक मुलगा नाहीसा झाला होता. चोवीस वर्षांचा, उंचापुरा, आईवेडा. दुसऱ्या गावी नोकरीला होता. शनिवारी येतो म्हणाला होता, पण एक दिवस आधीच, शुक्रवारी शेवटच्या बसने निघाला. कंडक्टरने त्याला स्टँडवर उतरताना पाहिलं. तेवढंच. तिथून घर हाकेच्या अंतरावर, पण पोरगं घरी पोचलंच नाही. 'हरवला आहे' म्हणून भिंतीभिंतीवर जो फोटो लागला तो मीच काढलेला.

तर किल्लीवाला तेलाची बाटली घेऊन परत फिरला, तोच शिपाई सायकलवरून उतरला. "चौकीवर चला. रिपोर्ट आलाय."

मी आधीच तिथे होतो. चौकीला स्वतःचा फोटोग्राफर नव्हता, त्यामुळे असल्या कामाला मलाच बोलवायचे. तीन आठवड्यांपूर्वी जुन्या दगडखाणीच्या पाण्यात एक सांगाडा सापडला होता. अंगावर कुजलेला निळा शर्ट, खिशात एक किल्ली. ओळखायला चेहरा उरला नव्हता. मुलाच्या खोलीतलं सामान घरमालकाने कधीच काढून टाकलेलं, त्यामुळे ना ब्रश मिळाला ना कंगवा. म्हणून आईबापाचं रक्त तपासणीला गेलं होतं.

टेबलाच्या एका बाजूला पोलीस मॅडम, दुसऱ्या बाजूला प्रयोगशाळेचे डॉक्टर. दोघंही हुशार, आणि एका म्यानात दोन तलवारी म्हणतात तशी गत.

"विषय संपला," डॉक्टर म्हणाले. "हाडाचा नमुना बापाशी जुळत नाही, आईशीही जुळत नाही. हा यांचा मुलगा नव्हे."

"वय तेच, उंची तीच, शर्ट तसाच निळा," मॅडम म्हणाल्या. "तो ज्या रात्री हरवला त्याच सुमाराचा मृत्यू. इतके योगायोग एकाच प्रेताच्या वाट्याला येतात होय?"

"निळे शर्ट हजारांनी मिळतात. तुमचा हा परिस्थितीजन्य पुरावा म्हणजे ऐकीव गोष्टीचा थोरला भाऊ. रक्तापुढे त्याची काय किंमत?"

"रक्त सांगेल कोण आहे. तिथे कसा पोचला ते मला परिस्थितीच सांगणार ना? बघा, स्टँडवर उतरला, घरी गेला. दार उघडलं नाही. खाणीपलीकडे त्याचा मित्र राहतो, तिकडे झोपायला निघाला. अंधारात पाय घसरला. मला तर अख्खी रात्र दिसते, डॉक्टर."

किल्लीवाल्याने हातातली तेलाची बाटली हळूच टेबलावर ठेवली. तिचं बूच दोनदा घट्ट केलं. मला वाटलं, बापाचं काळीज आहे.

मॅडमनी किल्ली त्याच्यापुढे सरकवली. गंजून तांबडी झालेली, टोकाचा एक कोपरा उडालेला. "ही तुमच्या दाराची आहे का?"

त्याने पाहिली. बराच वेळ पाहिली.

"सांगता येत नाही," तो म्हणाला. "असल्या किल्ल्या मी शेकड्यांनी घासल्यात. एक किल्ली दहा कुलपांना लागते. तिला पुरावा म्हणू नका, मॅडम."

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. हा माणूस असं म्हणतोय?

"मग लावून बघू तुमच्या दाराला."

"नको. बायकोच्या जिवाला उगाच घोर. रक्ताने सांगितलंय ना? माझा मुलगा जिवंत आहे."

मी किल्लीचा फोटो काढला. आमच्यासमोर ती पाकिटात गेली, वर लाखेचं सील बसलं, पंच म्हणून माझी आणि डॉक्टरांची सही झाली. पाकीट कपाटात, कपाटाला कुलूप. निघताना मॅडम त्याला म्हणाल्या, "उद्या सकाळी दहाला त्याला बेवारस म्हणून पुरतील. नुसता नंबर लावून. आणखी ठेवायला जागा नाही. रात्रभर विचार करा."

तो उठून गेला. तेलाची बाटली तिथेच राहिली.

काय म्हणालीस, वकिलीणबाई? डीएनए खोटं बोलत नाही? नाहीच बोललं. त्याला एवढंच विचारलं होतं, की हा या दोघांच्या रक्ताचा आहे का. ते नाही म्हणालं. खरं तेच म्हणालं.

ते पोरगं त्यांनी अकरा दिवसांचं असताना अनाथाश्रमातून आणलं होतं. रीतसर, कागदपत्रं करून. लोकांनी पोराला टोचू नये म्हणून बिऱ्हाड मोडून या गावात आले. कुणाला सांगितलं नाही. मला नाही, त्या पोरालाही नाही. दोघांनी ते असं पोटात ठेवलं की पुढे स्वतःही विसरले. खरंच विसरले रे. रक्त द्यायला दोघांनी बाह्या वर केल्या, तेव्हा दोघांच्याही मनात आलं नाही की हे जुळायचं नाही. इतका तो त्यांचा झाला होता. किल्लीवाल्याला आठवलं ते चौकीत, डॉक्टर बोलत असताना. आणि त्याने तोंड मिटून घेतलं.

का? तो वाईट होता का? छे. खरं सांगितलं की पोरगं मेलं. शिवाय दुसरंही एक होतं. त्याला रोजची सवय होती, रात्री दार लावलं की किल्ली आतून कुलपात ठेवायची. आत किल्ली असली की बाहेरची किल्ली अर्ध्यातच अडते. चोरापासून निर्धास्त. मुलगा उशिरा येणार असला की मात्र आठवणीने काढून ठेवायचा, कारण आई जागी होईल म्हणून ते पोरगं कधी बेल वाजवायचं नाही, आपल्याजवळच्या किल्लीने दार उघडायचं. पण तो शनिवारी येणार होता. त्या शुक्रवारी किल्ली आत होती.

म्हणजे मॅडमना जी रात्र दिसत होती, ती त्याला त्यांच्याहून स्पष्ट दिसत होती.

घरी आला. बायकोने विचारलं. "तो नव्हे," एवढंच बोलला. "रक्त जुळत नाही."

तिने त्याच्याकडे पाहिलं. ताटं वाढली, तशीच उचलली. रात्री दहाला त्याने दार लावलं आणि हात आपोआप गेला… किल्ली कुलपात. दिवा मालवला. दोघं पाठीला पाठ लावून पडली. झोप कुणालाच नव्हती.

अडीचच्या सुमाराला कुत्री एकदम गप्प झाली.

मग आवाज आला. खर्र.

तो उठून बसला. उंदीर, म्हणाला मनाशी.

खर्र… खर्र.

तीस वर्षं किल्ल्या घासलेला माणूस. त्याला काय कळणार नाही? बाहेरून किल्ली आत येत होती. अर्ध्यात अडत होती. मागे जात होती. पुन्हा येत होती. घाई नाही, जोर नाही. आतल्यांची झोप मोडू नये, अशा बेताने.

"ऐकलंत?" अंधारात बायको म्हणाली.

तो दाराकडे बघत राहिला.

"रोज हेच वाजतं. उंदीर म्हणता तुम्ही."

खर्र.

"रक्त कसं जुळेल हो?" ती म्हणाली. "तुम्हाला ठाऊक आहे. मलाही ठाऊक आहे. सांगा ना त्यांना."

"सांगितलं की तो मेला."

"आणि नाही सांगितलं तर तो कुणाचाच नाही. उद्या नंबर लावून पुरतील माझ्या लेकराला. अकरा दिवसांचा होता तेव्हा एकदा बेवारस होताच ना? पुन्हा तेच करायचं त्याचं?"

तो उठला. अंधारातच दारापाशी गेला. पलीकडे… कुणीतरी होतं. श्वास नव्हता. चाहूल नव्हती. पण होतं.

"कोण?"

खर्र थांबलं.

मग अगदी हळू. दाराला तोंड लावून बोलावं तसं.

"बाबा… मी कुणाचा?"

…

किल्लीवाला तिथेच बसला. दाराला कपाळ टेकून. किती वेळ, त्याला माहीत नाही. रडत होता. मग हात वर केला. चाचपला. आतली किल्ली धरली… आणि ओढून काढली.

"माझा," तो म्हणाला. "माझाच रे तू. ये. आत ये."

बाहेरची किल्ली आत आली. पूर्ण आत. फिरली.

खट्.

दार उघडलं.

कुणी नव्हतं.

नुसती थंडी. रिकामा रस्ता. मागे बायको उभी, पदर तोंडात कोंबलेला. दोघांनी दार लावलं नाही. उजाडेपर्यंत उंबऱ्याशी बसून राहिली, दार सताड उघडं टाकून.

सकाळी आठला तो चौकीवर आला. माझ्या स्टुडिओवरूनच गेला, मला हाक मारून. "चला नाना, तुम्ही पंच आहात." बायको बरोबर होती. तिच्या हातात कुंकवाच्या डबीएवढी एक डबी. मॅडम होत्या, डॉक्टरही निघायच्या तयारीत आलेले. त्याने सगळं सांगितलं. अनाथाश्रम, बिऱ्हाड, आतली किल्ली, काही म्हणजे काही ठेवलं नाही. मग बायकोने डबी उघडली. मुलाचा पडलेला पहिला दुधाचा दात. "हा त्याचा स्वतःचा," ती म्हणाली. "आमच्याशी नका जुळवू. याच्याशी जुळवा."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. पुढे तो दात जुळला, ते सांगायला नकोच. मॅडमनी तिथल्या तिथे फोन करून पुरणं थांबवलं. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आणि ती किल्ली?"

"माझ्या हातची आहे. काल खोटं बोललो."

"मग एकदा ओळखून सही करा." त्यांनी कपाट उघडलं, पाकीट आणलं. लाखेचं सील जसंच्या तसं. माझी सही, डॉक्टरांची सही. दोघांनी निरखून पाहिलं. मॅडमनी आमच्यासमोर सील फोडलं आणि पाकीट टेबलावर उलटं केलं.

काहीच पडलं नाही.

पुन्हा झटकलं. आत बोटं घालून पाहिलं. रिकामं.

किल्लीवाल्याला नवल वाटलं नाही. त्याने खिशातून रुमाल काढला, टेबलावर उलगडला. "सकाळी दाराला होती," तो म्हणाला. "बाहेरून."

डॉक्टरांनी किल्ली उचलली. माझा कालचा फोटो शेजारी धरला. तेच दाते. तोच उडालेला कोपरा. तीच किल्ली. आदल्या दिवशी एवढे वाद घातलेली ती दोघं आता किल्ली नि फोटो पुन्हा पुन्हा शेजारी धरून बघत होती. कारण फोटोतली किल्ली गंजून तांबडी झालेली होती. आणि हातातली… गंजाचा ठिपका नाही. दाते झिजून गुळगुळीत. लखलखीत.

"अशी किल्ली एका रात्रीत होत नाही, नाना," किल्लीवाला म्हणाला. माझ्याकडे बघत होता, पण मी त्याला दिसत नव्हतो. "रोज वापरली तरच होते. रोज येत होता तो. सात महिने. रोज… आणि मी आतून…"