एकोणचाळिसाव्या दिवसाचे फुटाणे

निजामाच्या अमदानीत शहागंजात एक हकीमसाहेब होते. ते फार म्हातारे होते आणि आपल्याला वेळ कमी आहे हे जाणून होते, म्हणून ते दोन नाड्या एकदम पाहत. खोलीच्या मधोमध तरटाचा पडदा, पडद्याच्या टोकाला हकीमसाहेब. डाव्या हाताला बायका, उजव्या हाताला पुरुष.

त्या सकाळी डाव्या हातात रईसाचं मनगट होतं. रईसा चोवीस वर्षांची, छावणीतल्या नूरमोहम्मद खाटकाची एकुलती एक मुलगी. तिची पाळी गंगापूरच्या फुफीसारखी, म्हणजे आत्यासारखी, होती — वर्षातून दोनदा यायची, तीही न कळवता. हनुवटीवर केस उगवायचे, अंग न खाताही वाढायचं. जालन्याचं ठरलेलं लग्न त्यापायीच मोडलं. होणाऱ्या सासूनं निरोप धाडला, ज्या झाडाला मोहोर नाही त्याला आळं कोण करतं? तो निरोप रईसाला तोंडपाठ झाला होता.

"मटण बंद," हकीमसाहेब म्हणाले. "अंडीसुद्धा. चाळीस दिवस हरभरा, हुलगे, मसूर. आणि रोज दोन मैल चालायचं."

मग मान उजवीकडे वळवून म्हणाले, "तू बोकडाच्या पायाचा रस्सा पी. चाळीस दिवस."

"पण हकीमसाहेब, मी भडभुंज्या." पलीकडून खोकल्याची उबळ आली. "माझ्या घरात हरभऱ्याचीच पोती..."

रईसाला हसू फुटलं. कित्येक महिन्यांत फुटलं नव्हतं, त्यामुळे जरा मोठ्यानंच फुटलं. पलीकडचा खोकला थांबला.

"दोन्ही नाड्या एकदम उडाल्या," हकीमसाहेब पुटपुटले, आणि त्यांनी दोघांचीही मनगटं सोडून दिली.

घरी अम्मी, म्हणजे आबेदाबी, डोक्याला हात लावून बसली. "मडम डॉक्टर म्हणली अंडी खा. सहा महिने चारली. हकीम म्हणतो हरभरा खा. त्याला सोत्ताला पाळी येत नाय, त्याला काय कळतंय?" मग आवाज खाली आला. "पण खा. फक्त अब्बांना कळू देऊ नको. त्यांना वाटंल, त्यांच्या मटणातच दोष हाय."

खाटकाच्या लेकीनं बापाच्या दुकानातलं मटण सोडलं, ही बातमी छावणीत दुपारपर्यंत पोचली असती. म्हणून रईसा ताटातले तुकडे गुपचूप अम्मीच्या ताटात सरकवू लागली, आणि रोज अस्रच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर बुरखा घालून बारापुल्ल्याच्या फुटाण्यांच्या भट्टीपर्यंत चालू लागली.

भट्टीवर एक उंच, काटकुळा तरुण तापल्या वाळूत हरभरे परतत होता. एका कानाला काजळी लागलेली. तो खोकला, आणि त्या खोकल्यावरून रईसानं त्याला ओळखलं. तिला परत तसंच हसू फुटलं.

"फुटाणे द्या. खारट नको."

झारा थांबला. "तुमी डाव्या हाताच्या ना?"

"आन् तुमी उजव्या."

"वहाब म्हणतेत मला." त्यानं पुडी बांधली, पण हातात दिली नाही. "मला वाटतं, म्हाताऱ्यानं डावं-उजवं केलं. तुमचं पथ्य मला सांगितलं, माझं तुमाला."

"मग जाऊन विचारा की."

"विचारलं आन् तसंच निघालं... तर तुमी हितं कशाला येताल?"

रईसानं पुडी ओढून घेतली. घरी येईपर्यंत ती निम्मी संपली होती.

टरफलांचा पुरावा राहू नये म्हणून रईसा ती परसातल्या बोकडांना टाकू लागली. त्यातल्या एका काळ्या बोकडाला फुटाण्यांची अशी गोडी लागली, की तो कडुलिंबाच्या पाल्याकडे ढुंकूनही बघेना.

इकडे अब्बा जेवताना कौतुक करत. "बारापुल्ल्याचा एक भडभुंज्या रोज पाया नेतो. वाळलेलं पोरगं, पण खाणं कसं असावं ते त्याला कळतं." रईसा मान खाली घालून डाळ कालवायची.

असे अडतीस दिवस गेले. फुफीचा काही निरोप नव्हता.

एकोणचाळिसाव्या दिवशी वहाबनं पुडी न बांधताच फुटाणे तिच्या ओंजळीत ओतले आणि म्हणाला, "आज माझ्या अम्मीला तुमच्या घरी धाडतो. मागणी घालायला."

हेच ऐकायला रईसा रोज दोन मैल चालत होती, आणि हेच ऐकायची तिला भीती होती.

"थांबा," ती म्हणाली. "आधी ऐकून घ्या. जालन्याचं मोडलं ते... मला वर्षातून दोनदाच येते. पोर व्हईल का नाय, मला माहीत नाय. हरभऱ्यानं व्हईल का मटणानं, हे मडमेला माहीत नाय, हकिमाला बी नाय." ती थांबली नाही. "उद्या चाळीस व्हतील. उद्या बघा, मग ठरवा."

वहाबचा झारा वाळूतच राहिला.

"म्हणून तर आज," तो म्हणाला. "उद्या गुण आला आन् मग मागणी घातली, तर तुमाला जन्मभर वाटंल, गुणाला घातली. नाय आला, तर वाटंल, दया केली. आज कुणालाच काय माहीत नाय. आज फकस्त तुमी हाय."

करपल्याचा वास आला. सात वर्षांत पहिल्यांदा वहाबचे हरभरे करपले होते.

"आता माझं बी ऐका," तो चाचरत म्हणाला. "पाया मी एक दिवस बी नाय पिलो."

"मग रोज नेता ते?"

"दुकानामागं तुमची खिडकी हाय."

"आन् पाया?"

त्यानं झाऱ्यानं भट्टीच्या आडोशाला दाखवलं. तिथं एक कुत्रं पडलं होतं. इतकं लठ्ठ, की शेपूट हलवायचं त्याच्या जिवावर आलं होतं. "त्याचा खोकला गेला," वहाब गंभीरपणे म्हणाला.

रईसा हसली. आणि हसता हसता तिचे डोळे वाहू लागले.

तेवढ्यात काळा बोकड तुटकी दोरी ओढत थेट भट्टीच्या छपराखाली शिरला. त्याच्या मागोमाग नूरमोहम्मद. ते कधीपासून बाहेर उभे होते, कोण जाणे. लेकीच्या हातातल्या फुटाण्यांकडे ते बघत राहिले.

"किती दिवस?"

"एकोणचाळीस, अब्बा."

"माझ्या मटणात काय कमी व्हतं?"

रागावून विचारलं असतं तर तिला सोसलं असतं. त्यांनी हळू विचारलं.

"कमी काय बी नव्हतं, अब्बा. माझ्यातच..."

"गप," ते म्हणाले. पुढं होऊन त्यांनी कढईतले चार फुटाणे उचलले, तोंडात टाकले, सावकाश चावले. "करपलेत."

मग त्यांची नजर वहाबच्या हाडांवरून फिरली आणि भट्टीआडच्या कुत्र्यावर जाऊन थांबली. वहाबनं मान खाली घातली.

"तुझ्या अम्मीला आजच धाड," नूरमोहम्मद म्हणाले. "उद्या चाळीस व्हतील."

त्यांनी दोरी धरून बोकडाला ओढलं. बोकड जागचा हलेना. शेवटी रईसानं आपल्या ओंजळीतले फुटाणे त्याच्यापुढं धरले, आणि तशीच, उलट्या पावलांनी, वहाबकडं बघत बघत ती घराकडं निघाली. मागून बोकड, त्याच्या मागून अब्बा.