ड्यूकच्या विहिरीचं कुलूप

गेर्विनची सायकल दाराशी होती. गेर्विन मात्र गडावर कुठेच नव्हता.

ओटिली क्नाप अकरा वर्षं त्या पडक्या गडावर पाहुण्यांना ड्यूकची गोष्ट सांगत होती. राखणदार गेर्विन कधी उशिरासुद्धा आला नव्हता. परवाच तो दारावरच्या ड्यूकच्या शिलालेखावर बोट फिरवत म्हणाला होता, “इतक्या पावसाळ्यांत अक्षरांच्या कडा झिजायला नकोत?”

तिने हवालदार फोगेलना फोन केला. तेवढ्यात पहिला गट आला. तिने नेहमीसारखं विहिरीच्या झाकणाच्या गजांतून पाणी ओतलं. पाच आकडे मोजले की तळातून आवाज यायचा.

आज ‘एक’ म्हणताच आला. दबका, जाड कापडावर पडल्यासारखा.

ती खाली वाकली. झाकणाला कोरं कुलूप होतं.

फोगेल आले, पाठोपाठ गडसमितीचे अध्यक्ष लुडगर.

“गेर्विनला शेवटचं कधी पाहिलंत?” फोगेलनी लुडगरना विचारलं.

“परवा. काल मी गावातच होतो.”

“हे कुलूप?”

“गेर्विननेच परवा बदललं. ओटिली, तू उगाच घाबरतेस. पडला असेल कुठे पिऊन.”

“काल गड बंद करताना जुनंच होतं,” ओटिली म्हणाली. “मी ओढून पाहिलं होतं.”

ती फोगेलकडे वळली.

“खाली जाळी आहे, लोकांनी टाकलेली नाणी अडकायला. ती काढायला काल मी गेल्यावर गेर्विनने झाकण उघडलं असणार. जुनं कुलूप आणि किल्ली त्याच्या खिशात. ती त्याच्यासकट खाली गेली, म्हणून हे नवं लावावं लागलं. ज्याने ढकललं, त्याला. तो शिलालेख तुम्हीच कोरलात, लुडगर. गेल्या वर्षी तो तुम्हाला ‘सापडला’, तेव्हापासून गडावर बसगाड्या येतात. गेर्विन पुरातत्त्व खात्याला कळवणार होता.”

“गड ओस पडला होता,” लुडगर पुटपुटले. “कुणी फिरकत नव्हतं.”

फोगेलनी कुलूप तोडून विजेरी मारली. जाळीत राखाडी कोट दिसला. कोटाची बाही हलली.

तासाभराने गेर्विनला वर काढलं. पाय मोडला होता, घसा पार बसला होता. ओटिली त्याच्या तोंडाशी कान नेऊन वाकली.

“मी हाका मारत होतो,” तो म्हणाला. “तो वर उभा राहून ऐकत होता. बराच वेळ. मग कुलूप लावल्याचा आवाज आला.”