कव्हर बाकी आहे

पटलं तर घ्या, पण हे घडलंय. शिवणकाम करणाऱ्या माझ्या मामाच्या घरात, भर दुपारी.

मामा-मामी रोज जेवण झालं की कॅरम मांडायचे. मामा पक्का लबाड. मामीची नजर हलली की सोंगटी सरकवायचा.

"अहो, रडीचा डाव नको!" मामी ओरडायची. हरेल त्यानं पुढच्या डावात सोंगट्या फोडायच्या, हा घरचा नियम.

त्या दुपारी मामीनं राणी घेतली. तिची एकच पांढरी सोंगटी उरली. ती गेली की राणीला कव्हर, डाव खलास.

तेवढ्यात तिला धाप लागली.

दवाखान्यात नेताना ती दारात थांबली. "कव्हर बाकी आहे. आल्यावर मारते. बोर्डाला हात लावू नका."

ती आलीच नाही.

मामानं बोर्ड तसाच ठेवला, स्ट्रायकर मामीच्याच बाजूला. लेक उचलायला गेली तर तिच्या अंगावर धावून गेला.

मग एका दुपारी तो मशीनवर बसला असताना आतल्या खोलीतून आवाज आला...

टक्.

आत कुणी नव्हतं. पांढरी सोंगटी मात्र भोकाकडे सरकली होती.

मामा घाबरला नाही, त्याला हुंदकाच फुटला. पण ही आत गेली की डाव संपणार, आणि मामीही जाणार! त्यानं सोंगटी मागे ओढली आणि कापड बेतायच्या खडूनं जागेची खूण केली.

मग रोजचंच झालं. टक्... आणि मामा सोंगटी गुपचूप खुणेवर.

एकदा तो दाराआड कान देऊन उभा राहिला. आवाजाच्या आधी काहीतरी ऐकू आलं...

धाप. तीच, शेवटच्या दिवसाची.

आपण तिला रोज असं दमवतोय, हे कळलं आणि मामाचं काळीज फाटलं. त्यानं सोंगटी भोकाच्या काठावर नेऊन ठेवली. जन्मात पहिल्यांदा तिच्या बाजूनं लबाडी केली.

"मार गं," म्हणाला आणि बाहेर आला.

टक्...

सोंगटी जाळीत पडली. धाप थांबली.

मामा ढसाढसा रडला. मग आत गेला, तर स्ट्रायकर...

त्याच्या बाजूला होता. बरोबर त्याच्या रेघेवर.

मामा हरला होता. आता फोडायचं त्यानंच.

अजून त्यानं स्ट्रायकरला हात लावलेला नाही. "एक डाव खेळावासा फार वाटतो रे," मला म्हणतो. "पण मी मारलं की तिलाही मारावं लागेल... परत धाप लागेल तिला."