सहलीतले चौदा किलोमीटर

चार वाजता लॉजच्या व्हरांड्यात सहा कप चहा आला. पाच कप उचलले गेले. सहाव्यावर साय धरायला लागली, तेव्हा सुग्रीव म्हणाला, "बद्रीनाथ अजून उठला न्हाई का?"

वत्सलाबाई त्याच्या खोलीत डोकावून आल्या. "खाटंवर न्हाईत. आप्पा म्हणत्यात, जेवून दोघंबी आडवे झालते. जाग आली तवा हे नव्हते."

"मोरीत असंल."

"तिथंबी न्हाईत. वहाणा पण न्हाईत."

सुग्रीवचा चेहरा उतरला. तो पायऱ्या उतरून रस्त्यापर्यंत गेला, दोन्हीकडे पाहून परत आला. "पळाला! समोरच्या पार्टीनं पळवला त्याला. मी फोन काढून घेतले, तरी कसा पळवला बे?"

कौशल्याने तो सहावा कप झाकून ठेवला. आठ महिने ती फारसं बोलतच नव्हती.

दोन हजार तेरा सालचा एप्रिल होता. बीड जिल्ह्यात पाऊस नावालाच झाला होता. नेकनूरच्या बाजूला चौथ्या दिवशी टँकर येत होता आणि जनावरं छावणीत उभी होती. दूध आटलं होतं, पण दूध संघाच्या अध्यक्षाची निवडणूक आटली नव्हती. संचालक अकरा. अध्यक्ष व्हायला सहा लागत होते. सुग्रीवने स्वतःसकट सहा गोळा केले आणि फुटू नयेत म्हणून पाच दिवसांच्या सहलीला काढले. विजापूर, पन्हाळा, महाबळेश्वर, आणि सोमवारी थेट मतदानाला. सगळ्यांचे फोन त्याने पहिल्याच दिवशी पिशवीत घातले.

ते सहा म्हणजे सुग्रीव, बद्रीनाथ, आप्पा, त्रिंबक, वत्सलाबाई आणि कौशल्या. कौशल्याचा नवरा आसाराम संघाच्या टँकरवर ड्रायव्हर होता. भादव्यात गावाला पाणी घेऊन येताना मांजरसुंब्याच्या वळणावर टँकर उलटला आणि तो गेला. पिऊन होता, असं लोक म्हणाले. तो पीत नव्हता, हे सुरुवातीला ती सांगायची. नंतर सांगायचं सोडलं. पुढे बायकांच्या राखीव जागेवर त्रिंबकने तिचं नाव सुचवलं आणि ती संचालक झाली. सह्या करायची, गप्प बसायची.

सहलीला निघाले तेव्हा गाडी संघाच्या आवारात लागली होती. तो टँकर तिथेच कोपऱ्यात उभा होता. केबिनची डावी बाजू चेपून सपाट झालेली, उजवीकडची काच आणि आरसा जागच्या जागी. कौशल्याने त्याच्याकडे बघितलं आणि गाडीत चढली. तिला काहीच वाटलं नाही.

गाडी म्हणजे लांबडी टेम्पो-ट्रॅव्हलर. रामकिसन ड्रायव्हर, उंच, ताडासारखा. त्याच्या मागच्याच सीटवर कौशल्या बसली. तिथून मीटर दिसत होता. टँकरवर कधी बरोबर गेली की आसाराम विचारायचा, "बघ गं, किती झालं?" ती आकडा सांगायची आणि तो वहीत लिहायचा. ती सवय राहिली होती. गाडी थांबली की डोळे आपोआप मीटरवर जात.

विजापुरात सगळे गोलघुमटावर चढले. बद्रीनाथ खालीच बसला. "उंचावर गेलं की मला गरगरतं," तो म्हणाला. कौशल्या वर गेली. वत्सलाबाईंनी भिंतीला तोंड लावून आपल्या लेकीला हाक मारली, ती फिरून फिरून ऐकू आली. "तुमीबी मारा की कुणाला हाक." कौशल्याला कोणाचं नाव घ्यावं सुचेना.

पन्हाळ्याच्या अलीकडे रामकिसन जांभया देत म्हणाला, "कुणाला गाडी येत असंल तर घ्या तासभर."

"मला येती, पण माझी कंबर धरलीय," सुग्रीव म्हणाला.

"मला मोतीबिंदू," आप्पा पोटावर हात ठेवून हसले.

"मला तर सायकलबी धड येत न्हाई," त्रिंबक म्हणाला. तो बुटका, चपळ, सगळ्यांची सरबराई करणारा माणूस. तो कौशल्याच्या पलीकडच्या सीटवर होता. पुढे घाटात समोरून एसटी अंगावर आली, तेव्हा त्याचा उजवा पाय फरशीवर जोरात दाबला गेला. डावाही. कौशल्याने पाहिलं आणि नजर खिडकीबाहेर नेली.

पन्हाळ्यावर धान्याच्या कोठारापाशी बद्रीनाथ तिच्याजवळ येऊन बसला. त्याचं शेत मांजरसुंब्याच्या त्या वळणालाच लागून होतं. बराच वेळ तो जमिनीवर काडीने रेघा मारत राहिला.

"वहिनी, तुमाला एक सांगायचं हाय. आसारामचं."

"काय?"

तेवढ्यात सुग्रीव आणि त्रिंबक शेंगांचे पुडे घेऊन आले. बद्रीनाथने काडी टाकली. "घरी गेल्यावर सांगतो. आता हे पोटात ठेवायला मला दम निघंना."

हे दोघांनीही ऐकलं. कौशल्याने पुडा घेतला. काय सांगायचं असेल, असा विचारसुद्धा तिच्या मनात धड आला नाही.

आणि आज हे असं. सकाळी महाबळेश्वर पाहून झालं. बाराला लॉजवर आले. उतरताना तिने मीटर पाहिला, शेवटचे आकडे चाळीस. गाडी मागच्या अंगणात लागली. किल्ली रामकिसनने काउंटरजवळच्या खिळ्याला अडकवली. एक वाजता जेवणं झाली आणि सगळे आपापल्या खोल्यांत गेले.

साडेचारला शोधायला निघाले. रामकिसन गाडीत बसायला गेला आणि त्याचे गुडघे स्टिअरिंगखाली आपटले. "आयला!" म्हणत त्याने सीट मागे सरकवली. कौशल्या मागे बसली. मीटरवर चोपन्न होतं.

बाजार, देऊळ, एसटी स्टँड झालं. बद्रीनाथ कुठेच नव्हता. सूर्य कलायच्या सुमाराला चौकीतून निरोप आला. घारीच्या कड्याखाली एक माणूस पडलेला सापडला होता. दोर लावून वर काढला. धोतर, वहाणा, कपाळावरचा बुक्का. बद्रीनाथच होता.

वत्सलाबाई मोठ्याने रडल्या. सुग्रीव मटकन खाली बसला. कौशल्याने पुढे होऊन त्याच्या तोंडावरची माती पदराने पुसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहायक निरीक्षक पिसाळ लॉजवर आले. जेवणाच्या हॉलमध्ये टेबल लावून त्यांनी एकेकाला विचारायला सुरुवात केली. कोणाला बाहेर जाऊ दिलं नाही.

"तुम्ही दुपारी कुठं होता?" त्यांनी सुग्रीवला विचारलं.

"बाजारात. फोनवर बोलत होतो."

"एकटेच?"

"एकटाच. साहेब, मी त्याला कावून मारीन? त्याचं मत मला पायजे होतं! आता पाच-पाच झालं, माझं समदं गेलं!"

"मारलं असं मी कुठं म्हटलं?"

सुग्रीव खुर्ची मागे सारून उठला.

आप्पा झोपले होते. रामकिसन ड्रायव्हरांच्या खोलीत इतर दोन ड्रायव्हरांसोबत होता, त्या दोघांनी तसं सांगितलंही. त्रिंबक म्हणाला, "मी खोलीत टीव्ही बघत होतो. बद्रीनाथला म्हणलतो, सांच्याला सगळे मिळून कडा बघू. दम निघाला न्हाई त्याला. गेला असंल एकटाच."

"कडा इथून सात किलोमीटर आहे. चालत गेला असेल?"

"खेड्यातली माणसं आमी. चालतो की."

पिसाळांनी वहीत काही लिहिलं. टॅक्सीवाल्यांकडे त्यांनी आदल्या संध्याकाळीच चौकशी केली होती. धोतरातला म्हातारा कोणी नेला नव्हता.

शेवटी कौशल्याची पाळी आली. पिसाळ आवराआवरीच्या सुरात म्हणाले, "ताई, तुम्हाला काही सांगायचंय?"

"गाडी चालली होती," ती म्हणाली.

"कोणती गाडी?"

"आमची. दुपारी उतरलो तवा मीटरवर चाळीस होतं. साडेचारला चोपन्न."

पिसाळांनी पेन खाली ठेवलं. "चौदा."

"सात जायचे, सात यायचे."

रामकिसन ताडकन उठला. "साहेब, आईशपथ, मी हात लावला न्हाई गाडीला!"

"त्यानं न्हाई लावला," कौशल्या म्हणाली. तिचा आवाज सपाट होता, बाजारची यादी वाचावी तसा. "सीट पुढं ओढलेली होती. त्याचे गुडघे आपटले, तुमीबी विचारा त्याला. स्वतःची सीट तो कावून ओढील? ज्यानं गाडी नेली तो बुटका हाय. सुग्रीवभाऊला गाडी येती, पण ते सहा फूट हायत. आप्पांचं पोट त्या सीटवर मावायचं न्हाई. मला न् वत्सलाबाईंना गाडी येत न्हाई."

सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळल्या.

"वहिनी, मला सायकल येत न्हाई," त्रिंबक हसत म्हणाला. "समद्यांसमोर बोललो मी."

"बोललात. मग घाटात एसटी आली तवा तुमचा पाय ब्रेकवर कसा गेला? डावा क्लचवर, उजवा ब्रेकवर. घाबरून माणूस पुढची दांडी धरतो, तुमी पाय दाबले. आसाराम दुसऱ्याच्या गाडीत बसला की असंच करायचा. तुमाला गाडी येती. चांगली येती. मग आमच्यापासून लपवलं कावून?"

त्रिंबकचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, पण त्यात जीव नव्हता.

"बद्रीनाथला उंचीवर गरगरायचं," ती पिसाळांकडे वळून म्हणाली. "गोलघुमटावर चढला न्हाई तो माणूस एकटा कडा बघायला जाईल? त्याला मला काहीतरी सांगायचं होतं. आसारामचं. ते या दोघांनीच ऐकलं, सुग्रीवभाऊनं न् त्रिंबकभाऊनं. रातभर मी त्याचाच विचार केला. बद्रीनाथचं रान त्या वळणावर हाय. त्यानं काय बघितलं असंल?"

"काय बघितलं असेल?" पिसाळांनी विचारलं.

पुढचं बोलण्याआधी तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"आसारामला मी शेवटची आंघोळ घातली, साहेब. त्याची समदी डावी बाजू चेपली होती. हात, बरगड्या, समदं. उजव्या अंगाला ओरखडा न्हाई. टँकर आमच्या आवारात उभा हाय. डावी बाजू सपाट झालीय, ड्रायव्हरची बाजू धड हाय, आरसापण फुटला न्हाई. आठ महिने मी येताजाता बघतीय. आसाराम स्टिअरिंगवर सापडला असं समदे म्हणले. स्टिअरिंगवर असता तर मार खरचटल्याएवढा लागला असता. तो डावीकडं बसला होता. चालवत दुसरंच कुणीतरी होतं. त्यानं माझ्या माणसाला मेल्यावर ओढून त्या जागी बसवलं, आणि वर पिऊन होता अशी आवई उठवली. तवापासून तो माणूस मला गाडी येत न्हाई म्हणून सांगत फिरतोय."

"हे समदं मनाचे खेळ हायत," त्रिंबक उठला. "दुःखानं डोकं फिरलंय वहिनींचं. पुरावा काय?"

पिसाळांनी विचारलं, "ताई, अजून काही?"

"कड्यावर गाडी लावायला पावती लागती का?"

पिसाळ तडक बाहेर गेले. व्हरांड्यात त्यांचा फोनवरचा आवाज ऐकू येत होता. हॉलमध्ये पंख्याचा खडखडाट तेवढा चालू होता. वत्सलाबाईंनी कौशल्याचा दंड धरला होता आणि तो त्या सोडत नव्हत्या.

दहा मिनिटांनी पिसाळ आत आले.

"काल आम्ही तिथं चालत आलेल्या माणसाची चौकशी केली. गाडीची केलीच नाही, चूक आमची. पावतीबुकात दोन वीसला तुमच्या गाडीचा नंबर आहे. बीडचा नंबर म्हणून पावतीवाल्यानं विचारलंही होतं, तुमच्याकडे पाणी आहे का? गाडी चालवणारा बुटका माणूस म्हणाला, नाही. शेजारी धोतरातला म्हातारा होता. पावतीवाला निघालाय इकडं. ओळखेल तो."

त्रिंबक खुर्चीत बसला.

"हौस म्हणून घेतलता टँकर," तो शेवटी म्हणाला. "आसाराम नको म्हणत होता. संचालक होतो मी, त्याला काय बोलता येतंय? वळणावर सुटला हातातनं. तो जागीच गेलता वहिनी, खरंच, जागीच. मी घाबरलो. बद्रीनाथ बांधावर उभा होता. मी त्याच्या पाया पडलो, गप बसला बिचारा. पण या सहलीत तुमी रोज त्याच्या समोर. पन्हाळ्यावर म्हणला, माझ्या घशाखाली घास उतरंना. काल मी म्हणलं, चल, वहिनीला मीच सांगतो, पण आधी लांब जाऊन नीट बोलू. तिथं कठड्याच्या आत झाडाखाली बसलो. लई समजावलं. ऐकंना."

"आणि मग?" पिसाळांनी विचारलं.

बद्रीनाथला कठड्यावरून कसं ढकललं, ते त्रिंबकने चौकीत सांगितलं.

सुग्रीव कौशल्याजवळ आला. "कौशल्याबाई, मला खरंच ठावं नव्हतं."

"न्हाई," ती म्हणाली. "तुमाला मतांशिवाय काय ठावं असतंय?"

बद्रीनाथला घेऊन ते गावाकडे निघाले. आता छातीतून काहीतरी फुटून बाहेर येईल, असं कौशल्याला वाटत होतं. ते येत नव्हतं. फलटण गेलं, टेंभुर्णी गेलं, उसाचं हिरवं संपून काळी भेगाळलेली रानं सुरू झाली, तरी आलं नाही.

निवडणूक आठ दिवस पुढे गेली. त्या दिवशी संघाच्या सभेत नऊच संचालक होते. सुग्रीवकडे कौशल्या धरून चार, समोर पाच. पण समोरचा एक जण रात्रीत सुग्रीवकडे वळल्याची कुजबुज होती. तसं असलं तरी कौशल्या फुटली तर सुग्रीव संपला, म्हणजे तिच्या एका हातावर सगळं होतं. दोन्हीकडचे तिला खुर्ची द्यायला पुढे धावले.

ती बसली नाही.

"आधी ठराव लिहा," ती सचिवाला म्हणाली. "भादव्याच्या ठरावात लिवलंय, ड्रायव्हरच्या निष्काळजीपणामुळं टँकर उलटला. ते खोडा. लिहा की गाडी संचालक त्रिंबक चालवत होते. आसाराम चालवत नव्हता. पिऊनबी नव्हता. आणि बद्रीनाथ हे सांगणार होता म्हणून मेला, हेबी लिहा."

सचिवाने सुग्रीवकडे पाहिलं, मग समोरच्यांकडे. दोघांनाही तिचं मत हवं होतं. दोघांनीही माना हलवल्या. त्याने लिहिलं.

"वाचा."

त्याने वाचलं.

"पुन्हा वाचा. मोठ्यानं."

दुसऱ्यांदा त्याने आसारामचं नाव उच्चारलं आणि त्याच्यामागून कौशल्याने ते हलकेच घेतलं. तिने पदर तोंडाशी धरला. आठ महिन्यांत पहिल्यांदा तिला रडू फुटलं. आप्पा धरायला उठले, पण तिने हाताने नको म्हटलं.

"कौशल्याबाई, मतदान घेऊ ना?" सुग्रीवने हळूच विचारलं.

"घ्या," ती म्हणाली, आणि मत न देताच दार ढकलून भर उन्हात बाहेर पडली.